पूर्ण काड्या, वर ५जी, तरी रात्री आठनंतर नेट का अडकतं?

नागपूरच्या बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंनी विचारलंय: "मी घरून मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, सात ते नऊ. फोनवर पूर्ण काड्या आहेत, वर ५जी लिहून आहे. दुपारी तीनला नेट पळतं, पण रात्री आठ वाजले की चालूनच नाही राहत. मला मुलं नीट दिसतात, त्यांना मात्र मी अडकलेली दिसते. फीचं यूपीआयही गोल गोल फिरत राहतं. कॉल छान लागतो. कस्टमर केअरवाले म्हणतात हँडसेट बदला, दुकानदार म्हणतो सिम बदला, शेजारी म्हणतात कंपनी बदला. नेमकं काय बदलू?"

ताई, आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. तुम्ही प्रश्न इतका नीट लिहिलाय की अर्धं उत्तर त्यातच आहे. सिम किंवा हँडसेट खराब असता तर दुपारीही त्रास झाला असता. कॉल लागतो, म्हणजे टॉवरशी जोडणी शाबूत आहे. मुलं तुम्हाला दिसतात आणि तुम्ही त्यांना दिसत नाही, म्हणजे येणारा रस्ता बरा आणि जाणारा तुंबलेला. तेव्हा "काय बदलू" हे नंतर बघू. आधी हे शोधायचं की तुमच्या फोनपासून इंटरनेटपर्यंतच्या साखळीत रात्री आठला कोणती कडी दमते. ती सापडली की पुढचं आपोआप ठरतं, आणि बरेचदा काही विकतही घ्यावं लागत नाही.

मी नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत मोबाईल नेटवर्कच्या रेडिओ प्लॅनिंगचं आणि ऑप्टिमायझेशनचं काम करत आलोय. गाडीत लॅपटॉप आणि फोन लावून ड्राइव्ह टेस्ट करायच्या, साइटचे (टॉवरच्या जागेचे) आकडे बघायचे, अँटेनाचा टिल्ट (कल) आणि दिशा बदलायची, असं ते काम. पण तुमची कंपनी कोणती, प्लॅन कोणता, फ्लॅटचं तोंड कोणीकडे, हे मला माहीत नाही, आणि उत्तर त्यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून मी कारणं सांगतो आणि प्रत्येक कारण घरबसल्या कसं तपासायचं तेही सांगतो.

सुरुवात काड्यांपासून. टॉवर सतत एक खुणेचा सिग्नल पाठवत असतो आणि तो तुमच्या फोनला किती जोरात ऐकू येतो तेवढंच काड्या दाखवतात. त्या ताकदीला आम्ही आरएसआरपी म्हणतो आणि ती डीबीएममध्ये मोजतो. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे ९५ म्हणजे ठीक, उणे ११० च्या खाली गेलं की ओढाताण सुरू. किती आकड्याला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, म्हणून एकाच खोलीत दोन फोनवर वेगवेगळ्या काड्या दिसतात. त्या टॉवरवर आत्ता किती जण आहेत, हवेत किती गोंगाट आहे, तुमच्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतोय का, यातलं काहीही काड्यांवरून कळत नाही. टॉवरवरचा रेडिओ दहा वॅटच्या काही पट ताकदीने बोलतो. तुमचा फोन ४जीवर जास्तीत जास्त २३ डीबीएम, म्हणजे साधारण ०.२ वॅटने. टॉवर तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो म्हणून तुम्ही त्याला तितकेच स्पष्ट ऐकू येता असं नाही. शिकवणाऱ्या माणसासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण तुमचं सगळं काम बोलण्याचं आणि दाखवण्याचं.

आता डेटा चालतो कसा ते. जुन्या २जीच्या काळात कॉल लावला की बोलणं संपेपर्यंत ठरावीक वेळेची एक फट तुमच्या नावाने राखून ठेवली जायची. डेटाचं तसं नाही. तुमचा व्हिडिओ, तुमचा मेसेज, सगळं छोट्या छोट्या पॅकेटमध्ये तुटतं आणि प्रत्येक पॅकेट आपली जागा मिळाली की निघतं. ४जीमध्ये कंपनीकडे असलेल्या वारंवारतेचे १८० किलोहर्ट्झचे तुकडे पाडतात, त्यांना रिसोर्स ब्लॉक म्हणतात. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १०० ब्लॉक बसतात. टॉवरवरचा शेड्यूलर दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, ठरवतो की यातले कोणते ब्लॉक कोणाला.

पंगतीतल्या वाढप्यासारखं धरा. पातेलं एकच, आणि ताटं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. पण खरा घोळ पुढे आहे. ज्याचा सिग्नल स्वच्छ आहे त्याला एका ब्लॉकमध्ये भरपूर डेटा कोंबून देता येतो. ज्याचा सिग्नल खराब आहे त्याच्यासाठी तोच डेटा पातळ करून, चुका दुरुस्त होतील इतकी जास्तीची माहिती घालून पाठवावा लागतो. ४जीच्या मूळ मानकात सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट स्थितीत हा फरक सुमारे ३५ पट आहे. म्हणजे दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत रील बघणारा एक माणूस, टॉवरसमोरच्या गच्चीवर बसलेल्या अनेकांच्या वाट्याचे ब्लॉक एकटाच खातो. रात्री आठनंतर हेच होतं. दुपारी जी माणसं हिंगणा एमआयडीसीत, मिहानमध्ये, सीताबर्डीत, सदरमध्ये विखुरलेली होती ती घरी येतात, आणि सगळी एकदम भिंतींच्या आत बसून व्हिडिओ लावतात. नुसती माणसं वाढत नाहीत, प्रत्येक माणूस महागही होतो.

बेसा, मनीषनगर, पिपळा या पट्ट्याला हे जास्त लागतं. इथले बरेचसे ले-आऊट रिकामे होते तेव्हा टॉवरच्या जागा ठरल्या. ज्या अँटेनासमोर मोकळे प्लॉट होते तिथे आता सात-आठ मजल्यांच्या स्कीम उभ्या आहेत. त्याच सेक्टरवर (टॉवरची एक दिशा सांभाळणाऱ्या भागावर) माणसं कितीतरी वाढली आणि मध्ये सिमेंटही वाढलं. नवीन साइट टाकायची तर जागा लागते, आणि सोसायटीत टॉवरचं नाव काढलं की विरोध होतो. रेडिएशनच्या भीतीने विरोध करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे, आणि सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती बघता येते. टॉवर लांब गेला की घरातला फोन त्याच्यापर्यंत पोचायला पूर्ण ताकदीने ओरडतो, आणि तो फोन आपल्या कानाशी असतो. हेही लक्षात घ्यायला हवं.

रात्री आणखी एक गोष्ट घडते, जी काड्यांत अजिबात दिसत नाही. शेजारचे टॉवरही त्याच वारंवारतेवर चालतात. दुपारी त्यांच्याकडे काम कमी असतं म्हणून ते कमी बोलतात. रात्री तेही पूर्ण भरात बोलायला लागतात आणि तुमच्या फोनला त्यांचा आवाज गोंगाट म्हणून ऐकू येतो. तुमच्या सिग्नलची ताकद तशीच राहते, त्याची शुद्धता पडते. त्याला आम्ही एसआयएनआर म्हणतो. २० च्या वर असेल तर मस्त, १० च्या आसपास चालण्यासारखं, शून्याच्या खाली गेलं की काड्या कितीही असोत, डेटा रांगतो. दुपारी आणि रात्री काड्या सारख्याच आणि वेग मात्र निम्म्यालाही नाही, हे कोडं बरेचदा इथे सुटतं.

आता तुमच्या फोनच्या डोक्यावरच्या ५जी या अक्षरांबद्दल. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत सेवा सुरू केली त्यात नागपूर होतं. त्यामुळे आपल्याकडे ५जी नवीन नाही. पण ५जीचा मोठा वेग मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून येतो. तो पट्टा रुंद आहे, आणि भिंतीतून आत शिरण्यात मात्र कच्चा आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे भिंती सहज ओलांडतात, पण कंपन्यांकडे ते फार रुंद नसतात. ५ मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यात ब्लॉकच २५. म्हणून आतल्या खोलीत फोन बरेचदा खालच्या पट्ट्याला धरून बसतो, काड्या पूर्ण दाखवतो, आणि त्याच अरुंद पट्ट्यावर अख्ख्या स्कीमचे फोन लटकलेले असतात. शिवाय जिथे ५जी हे ४जीच्या आधाराने चालतं तिथे "या ४जी सेलसोबत (टॉवरच्या एका दिशेच्या एका पट्ट्यासोबत) ५जी मिळू शकतं" एवढ्या सूचनेवरही बरेच फोन ५जी लिहून मोकळे होतात. त्या क्षणी तुमचा डेटा ५जीवरून जातोय, याची ती खात्री नाही.

हे इतक्या विस्ताराने सांगायचं कारण तुमचा खिसा आणि तुमचा कोटा. "अनलिमिटेड ५जी"च्या प्लॅनमध्ये अमर्याद फक्त ५जीवरचा वापर असतो. फोन ४जीवर उतरला की तो डेटा रोजच्या ठरलेल्या कोट्यातून वजा होतो. चौथ्या मजल्यावर आतल्या खोलीत फोन दिवसभर ५जी-४जी असा ये-जा करत असेल तर संध्याकाळपर्यंत कोटा गुपचूप संपतो, आणि त्यानंतर ४जीवर असाल तेव्हा वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हिडिओ क्लास होणं शक्यच नाही. मग बाल्कनीत गेलं की ५जी लागतं आणि नेट पळतं, आत आलं की मरतं, आणि आपण सिमला दोष देत बसतो. "अनलिमिटेड आहे" म्हणून कोटा कोणी बघतच नाही. हे कारण मला तक्रारींत इतकं भेटतं की सगळ्यात आधी हेच तपासा: क्लास अडकला त्याच मिनिटाला कंपनीच्या ॲपमध्ये आजचा उरलेला डेटा बघा. शून्य असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, डेटाचं छोटं टॉप-अप मारून लगेच खात्री होईल. बहुतेक प्लॅनमध्ये कोटा मध्यरात्री परत भरतो, त्यामुळे रात्री बारानंतर नेट अचानक सुधारत असेल तर संशय पक्का. फक्त एक लक्षात घ्या, गर्दीही त्याच सुमारास ओसरते, म्हणून घड्याळावर विसंबू नका, ॲपमधला आकडा बघा.

हा वेग नेमका कुठे आवळला जातो? डेटा चालू केला की फोन नेटवर्कला एपीएनचं (कंपनीच्या नेटच्या दाराचं) नाव सांगतो, आणि कंपनीच्या कोअरमधलं (मुख्य यंत्रणेतलं) गेटवे त्याला एक आयपी पत्ता देतं. तुमचं प्रत्येक पॅकेट टॉवरवरून फायबरने किंवा मायक्रोवेव्ह लिंकने या गेटवेपर्यंत येतं आणि तिथून बाहेरच्या इंटरनेटवर जातं. प्लॅनचा हिशेब आणि वेगाची कात्री त्या वाटेवर, कोअरमध्ये असते. टॉवरला त्याचं काही घेणंदेणं नाही, म्हणून काड्यांना त्याचा पत्ताही नसतो. टॉवरपासून पुढची मायक्रोवेव्ह लिंक तोकडी असली तरी रात्रीच तुंबते, पण ते बाहेरून ओळखता येत नाही, आतल्या आकड्यांवरूनच कळतं.

आता तुमच्या खास लक्षणाकडे येतो: मुलं दिसतात, तुम्ही अडकता.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक जमतात. तिथे त्या दिवशी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे करतात. तरीही गर्दीच्या मध्यभागी पूर्ण काड्या असतात आणि फोटो जात नाही. कारण त्या गर्दीत बघणारे कमी आणि पाठवणारे जास्त. प्रत्येकाला घरच्यांना फोटो पाठवायचाय, व्हिडिओ कॉल करून स्तूप दाखवायचाय. जाणारा रस्ता मुळातच अरुंद. फोनची ताकद कमी, आणि २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत एकच वारंवारता वेळ वाटून वापरतात, त्यात बहुतांश वेळ खाली येणाऱ्या डेटाला दिलेला असतो, कारण लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. शेकडो फोन एकदम बोलायला लागले की टॉवरच्या कानाशी गोंगाट होतो. मग प्रत्येक फोन आणखी जोरात बोलतो, आणि गोंगाट आणखी वाढतो.

तुमच्या खोलीत त्याचंच छोटं रूप आहे. तुम्ही सलग दोन तास पाठवणाऱ्या आहात. यूट्यूब बघणाऱ्याला अडचण आली तर ॲप पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतं आणि चित्राचा दर्जा हळूच उतरवतं, त्याला कळतही नाही. लाइव्ह क्लासमध्ये साठवायला काही नसतंच. अर्धा सेकंद पॅकेट उशिरा पोचलं की ते फेकून द्यावं लागतं. म्हणून शेजारी म्हणतात "आमच्याकडे तर चालते", आणि त्यांचंही खरं असतं.

कॉल छान लागतो याचं कारणही यातच. व्होल्टीचा (४जीवरून जाणारा) कॉल हाही आज डेटाच आहे, पण शेड्यूलर त्याला वेगळ्या रांगेत, ठरावीक वेगाच्या हमीसह ठेवतो. त्याला लागतात जेमतेम २४ केबीपीएस. तुमचा क्लास मात्र बाकी सगळ्यांच्या सर्वसाधारण रांगेत. तेव्हा "कॉल लागतो म्हणजे नेटवर्क बरोबर आहे" हे कस्टमर केअरचं वाक्य कॉलपुरतंच खरं.

यूपीआयचं दुखणं थोडं वेगळं. त्याला डेटा चिमूटभर लागतो, पण वेळेत लागतो. फोन दहा-एक सेकंद काही न करता पडला की टॉवर त्याचा रेडिओ-संपर्क सोडतो. ॲप उघडल्यावर फोनला परत हाक मारावी लागते, आणि त्या हाकेसाठी ४जीच्या एका सेलमध्ये ६४ च संकेत असतात. दोन फोनांनी एकाच क्षणी तोच उचलला की टक्कर, पुन्हा प्रयत्न. मग ॲप, एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था), पैसे देणारी बँक, घेणारी बँक अशा अनेक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला वेळेची मर्यादा. यातली एखादी बँकच अडली असेल तर तुमचं नेट कितीही चांगलं असो, गोल फिरणारच. म्हणून यूपीआय अडकलं यावरून नेटचा निकाल लावू नका. त्याच क्षणी एखादी साधी वेबसाइट उघडून बघा. ती उघडली तर दोष पलीकडचा. आणि पैसे कापले गेले की नाही हे कळेपर्यंत दुसऱ्यांदा पाठवू नका.

इतकं सगळं झाल्यावर घरबसल्या तपासता येतील असे संशयित चारच उरतात: कोटा, अरुंद पट्ट्यावरची गर्दी, शेजारच्या टॉवरचा गोंगाट, आणि तुमच्या खोलीतून बाहेर न पोचणारा आवाज. हे असे तपासा.

एक दिवस दुपारी तीनला आणि रात्री साडेआठला, क्लास घेता त्याच खुर्चीत बसून फोनचे आकडे लिहून काढा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं की फोनची माहिती उघडते. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबायचं. नाही दिसलं तर सेलची माहिती दाखवणारी मोफत ॲप्स आहेत. आरएसआरपी, एसआयएनआर आणि बँड (फोन ज्या पट्ट्यावर आहे तो) हे तीन आकडे पुरे. सोबत एक स्पीड टेस्ट, आणि त्यात डाउनलोडपेक्षा अपलोड आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) बघा. मग हेच बाल्कनीत करा. कोटा शाबूत आहे आणि आरएसआरपी खोलीत उणे ११० च्या खाली, बाल्कनीत उणे ९० असेल, तर भिंत हा दोष. दोन्हीकडे ताकद चांगली पण रात्री एसआयएनआर पडतो, तर गोंगाट. ताकद, शुद्धता दोन्ही चांगले आणि तरी रात्री वेग मेलेला, तर सेलवर गर्दी किंवा टॉवरमागची लिंक तोकडी. बँड दोन्ही वेळा वेगळा दिसला तर फोन रात्री अरुंद पट्ट्यावर ढकलला जातोय.

खोलीबद्दल बोललो तर उन्हाळ्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो, आणि बहुतेक घरांत सिग्नल आत येण्याची खरी वाट तीच खिडकी असते. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, ओलं गवत आणखी शोषतं. "होळीनंतर नेट खराब झालं" अशा तक्रारीत मी आधी कूलर कोणत्या खिडकीत आहे ते विचारतो. दुसरं, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात फोन चार्जिंगला लावून दोन तास व्हिडिओ चालवला की तो तापतो, आणि तापलेले अनेक फोन स्वतःला वाचवायला ५जी सोडून ४जीवर येतात. क्लासच्या वेळी फोनचं कव्हर काढा, चार्जिंग आधीच करून घ्या, आणि फोन कूलर नसलेल्या खिडकीशी ठेवून त्याचा हॉटस्पॉट लॅपटॉपला द्या. खुर्चीपासून खिडकीपर्यंतचे चार-पाच मीटर वायफायला काहीच नाहीत, पण फोनला तेवढ्या सरकण्याने दहा-पंधरा डीबी (म्हणजे आरएसआरपीचे तेवढे आकडे) मिळू शकतात, आणि ते मिळाले की अपलोड उभं राहतं. क्लासच्या ॲपमध्ये स्वतःच्या व्हिडिओचा दर्जा उतरवा. फळ्यावर लिहीत असाल तर कॅमेऱ्याऐवजी स्क्रीन शेअर करा. स्थिर अक्षरांना हलत्या चेहऱ्यापेक्षा फार कमी डेटा लागतो आणि मुलांना तेच हवं असतं.

एक कळकळीची विनंती: बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर घेऊ नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो तुमच्या फोनच्या आवाजासोबत गोंगाटही मोठा करून टॉवरच्या कानात ओततो. एका दुकानात लावलेल्या अशा डब्याने सगळ्या मोहल्ल्याचं अपलोड बसलेलं मी शोधून काढलं आहे. दिशादर्शक अँटेना घेऊन गल्लीगल्ली फिरावं लागतं तेव्हा तो सापडतो, आणि तोवर शेकडो लोक विनाकारण हाल सोसतात.

दोष गर्दीचा निघाला तर तक्रार करा, पण "नेट स्लो आहे" अशी नको, तशी तक्रार हँडसेट रीस्टार्ट करा या उत्तरावर संपते. पत्ता, मजला, वेळ, बँड, दोन्ही वेळचे आकडे आणि स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट द्या, डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या, उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करा. अशी तक्रार रेडिओ टीमपर्यंत पोचली की आम्ही त्या सेक्टरचं बिझी अवरचं ब्लॉक-युटिलायझेशन (सर्वात गर्दीच्या तासात किती ब्लॉक वापरात होते तो आकडा) उघडतो. ते रोज रात्री ७०-८० टक्क्यांच्या वर दिसलं की कॅरियर (वारंवारतेचा आणखी एक पट्टा) वाढवणं, टिल्ट बदलणं, भार शेजारच्या सेलवर सरकवणं यासाठी कारण हातात येतं. स्कीममधल्या पाच-सहा घरांनी मिळून केली तर आणखी चांगलं. टिल्टसारखा बदल लवकर होऊ शकतो, नवीन साइटला मात्र महिने लागतात, आशा ठेवताना हे लक्षात असू द्या.

कंपनी बदलायची असेल तर आधी दुसऱ्या कंपनीचा फोन असलेल्या शेजाऱ्याला रात्री साडेआठला तुमच्या खुर्चीत बसवून अपलोड तपासा, एका दिवशी नाही, तीन-चार दिवस. बरेचदा दोन कंपन्यांच्या अँटेना एकाच टॉवरवर असतात, त्यामुळे भिंतीचा त्रास तसाच राहतो, फक्त गर्दी बदलते. त्यापेक्षा एक महिना दुसरं प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये चालवून बघणं स्वस्त. आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून आत्ता सिम बदलू नका: जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सिम बदललं की पुढचे सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. तसंच सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. मग १९०० वर पोर्टचा मेसेज.

तुमची रोजीरोटी या दोन तासांवर आहे, म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. स्कीममध्ये फायबर ब्रॉडबँड येत असेल तर क्लाससाठी तेच घ्या आणि मोबाईल डेटा लाइट गेली किंवा फायबर तुटलं तर पर्याय म्हणून ठेवा. फायबरमध्ये तुमच्या वाट्याला येणारी गर्दी खूप कमी आणि अपलोड बरंच स्थिर. फायबर येत नसेल तर ५जीवर चालणारं, रिसीव्हर बाहेर भिंतीवर किंवा गच्चीत लावायचं कनेक्शन विचारा. टॉवर तोच राहतो, पण अँटेना भिंतीबाहेर जाते, आणि तुमच्या बाबतीत तीच अर्धी लढाई आहे. राऊटरला छोटा यूपीएस लावायला विसरू नका.

हँडसेट बदलण्याबद्दल शेवटी: फक्त एकाच स्थितीत तो सल्ला बरोबर ठरेल, तुमची कंपनी तुमच्या भागात जे बँड वापरते त्यातला एखादा तुमच्या फोनला येतच नसेल तर. फोनच्या मॉडेलचं नाव टाकून त्याच्या बँडची यादी बघा आणि शेजाऱ्याच्या फोनवर, त्याच कंपनीच्या सिमवर, त्याच खुर्चीत जो बँड दिसतो तो त्या यादीत आहे का ते पडताळा. यादीत असेल तर हाच फोन अजून दोन-तीन वर्षं वापरा. दुपारचे आणि रात्रीचे ते तीन-तीन आकडे इथेच लिहून पाठवा, बघून नेमकं सांगतो.